खोलता येणारी गाडी

हेडचे बोल्ट सैल करायचे ते कडेचे आधी आणि मधले शेवटी, आणि तेही एका दमात नाही. प्रत्येकाला अर्धा फेरा द्यायचा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मौद्याच्या या गॅरेजात बाकी बरंच काम पोऱ्यांच्या हाती जातं, हे मात्र उस्ताद स्वतः करतात. हेड ॲल्युमिनियमचं असतं. एका बाजूचा ताण एकदम सुटला तर ते वाकतं, आणि वाकलेलं हेड नंतर कितीही कसलं तरी ब्लॉकवर बरोबर बसत नाही.

गाडी मारुती 800. तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व्ह, 796 सीसी, कार्ब्युरेटरवाली. पाटीवर एमएच-31, म्हणजे कधीकाळी नागपुरात कुणीतरी नवी घेतलेली. आता ती कन्हानकाठच्या एका गावात धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडे आहे. मागच्या सीटची गादी काढलेली, तिथे युरियाच्या पोत्याचे पांढरे डाग, फवारणीच्या पंपाचा पट्टा आणि वाळलेल्या पऱ्ह्याच्या काड्या. रोवणीच्या दिवसांत ही गाडी बांधीपर्यंत डबे नेते, पंपाची मोटर नेते, ताप आलेल्या पोराला भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे नेते. ज्या घराने ती पहिल्यांदा घेतली, त्या घरी तिला हार घालून उभी केली असेल. या घरी ती राबते.

तक्रार गरम होण्याची होती. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं तर पाण्यात बुडबुडे येत होते, आणि ऑइलची काडी बाहेर काढली तर ऑइल दुधाळ. या दोन खुणा एकत्र दिसल्या की निदान जवळजवळ ठरलेलं असतं: हेडचं पॅकिंग गेलं. सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत शिरतो आणि पाणी ऑइलमध्ये.

“पाणी कुठलं टाकता, भाऊ?” उस्तादांनी बोल्टवरून नजर न काढता विचारलं.

“बोअरिंगचं.”

“मंग होईनच ना असं. मांगच्या वर्षीच सांगलं होतं कूलंट टाका म्हणून.”

“सांगलं होतं. पन तेव्हा धानाचे पैसे कुठी आले होते?”

हेड उचललं तेव्हा दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधली पॅकिंगची अरुंद पट्टी जळून काळी पडलेली दिसली. पाण्याच्या भोकांभोवती खाराचा थर इतका जाड की मूळ भोक निम्मं उरलेलं. बोअरच्या जड पाण्यातला चुना उष्णतेने बाहेर पडतो आणि भिंतींना धरतो. थर वाढला की उष्णता धातूतून पाण्यात उतरत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, पंख्यालाही गरमच हवा ओढावी लागते. शिवाय या गाडीतला थर्मोस्टॅट आधीच्या कुठल्यातरी मिस्त्रीने काढून टाकलेला होता. आपल्याकडे ही पद्धत सर्रास चालते. थर्मोस्टॅट अडकून बंद राहिला तर इंजिन तापतं, म्हणून तो काढूनच टाकायचा. पण तो काढला की इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि लवकर झिजतं. मला ही पद्धत मुळीच पटत नाही. उस्तादांनाही पटत नाही. त्यांनी नवा थर्मोस्टॅट आणायला लावला आणि मालकासमोर गरम पाण्याच्या भांड्यात टाकून तो उघडतो ते दाखवलं.

पोऱ्या तोवर व्हॉल्व्ह घासत होता. व्हॉल्व्हच्या कडेला बारीक पेस्ट लावायची, रबरी टोपीच्या काठीने तो पकडायचा आणि दोन तळव्यांत काठी फिरवायची. मध्येच उचलून थोडा वळवून पुन्हा ठेवायचा, नाहीतर एकाच जागी चर पडते. सीटवर सगळीकडून सारखी राखाडी पट्टी उमटली की झालं. मग प्रत्येक खोलग्यात पेट्रोल ओतून ठेवायचं. खालून ओल आली तर व्हॉल्व्ह अजून नीट बसलेला नाही. सहापैकी एकातून ओल आली. पोऱ्याने न बोलता तो पुन्हा हातात घेतला.

हेड फेसिंगसाठी नागपूरला गेलं. सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली फिलर गेजचं पातं सरकवलं तेव्हा मधोमध ते सहज आत गेलं होतं, त्यामुळे दुसरा उपाय नव्हता.

या मधल्या वेळात मला सतत जपानमधलं हमामात्सु आठवत होतं, जिथे या गाडीमागची सुझुकी कंपनी सुरू झाली. मिचिओ सुझुकी तिथे 1909 मध्ये हातमाग बनवू लागले. सुतारकाम शिकलेला, कापूस पिकवणाऱ्या घरातला हा माणूस; पहिला पायाने चालणारा माग त्याने आईसाठी केला असं सांगतात. 1920 मध्ये त्याची मागांची कंपनी झाली. मौद्यापलीकडे भंडारा जिल्ह्यात, मोहाडी-आंधळगावकडे कोष्ट्यांच्या घरी माग चालत आले आहेत, त्यामुळे या भागातल्या माणसाला हा आरंभ परका वाटू नये. माग टिकाऊ निघाले. एकदा घेतलेला माग वर्षानुवर्षं चालला तर गिऱ्हाईक परत कशाला येईल? नवं काहीतरी बनवायला हवं म्हणून 1937 मध्ये त्यांनी इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन मोटार विकत घेतली, खोलून सुटी केली आणि तशी गाडी बनवता येते का ते पाहिलं. नमुना तयारही झाला. मग युद्ध आलं आणि मोटारीचं काम बाजूला पडलं.

युद्धानंतर कापसाचा धंदा कोसळला. 1952 मध्ये सायकलला लावायचं 36 सीसीचं इंजिन आलं, 1954 मध्ये कंपनीच्या नावात मोटर शब्द आला आणि 1955 मध्ये सुझुलाइट ही 360 सीसीची लहान गाडी रस्त्यावर उतरली. जपानने लहान गाड्यांसाठी कर आणि नियम सौम्य ठेवले होते, त्या चौकटीत सुझुकी वाढली. 1979 ची ऑल्टो ही तिची मोठी उडी, आणि त्याच पिढीची 800 सीसीची आवृत्ती आपल्याकडे मारुती 800 म्हणून आली. ऑक्टोबर 1982 मध्ये मारुती उद्योगाशी करार झाला, तेव्हा सुझुकीचा वाटा 26 टक्के होता. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची चावी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. किंमत 47,500 रुपये. 1986 मध्ये अंग बदललं, आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं तोवर देशात पंचवीस लाखांहून अधिक मारुती 800 विकल्या गेल्या होत्या. करारावेळी सुझुकीचे प्रमुख असलेले ओसामू सुझुकी 2024 च्या नाताळला वारले. पुढच्याच महिन्यात भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केलं.

तो मान योग्यच होता. पण या गाड्या पंचवीस-तीस वर्षं चालत राहिल्या त्याचं अर्धं श्रेय मी अशा गॅरेजांना देईन. दुसऱ्याची गाडी खोलून मोटार शिकलेल्या कंपनीने स्वतः अशी गाडी दिली की जी कन्हानकाठी, पत्र्याच्या सावलीत, गोटी पाने आणि फिलर गेज एवढ्यावर खोलता येते. उस्ताद कुठल्या प्रशिक्षण वर्गाला गेलेले नाहीत. त्यांनी हे इंजिन खोलून खोलूनच शिकलं, आणि शेजारचा पोऱ्याही तसाच शिकतो आहे.

नव्या गाड्यांशी त्यांचं भांडण नाही. त्या सुरक्षित आहेत हे ते स्वतः सांगतात. 800 मध्ये एअरबॅग नाही, पत्रा पातळ, आणि राष्ट्रीय महामार्ग 53 वर राखेचे आणि कोळशाचे ट्रक शेजारून जातात तेव्हा ती किती लहान आहे ते कळतं. त्यांची अडचण वेगळी आहे. नव्या गाडीचा दिवा पेटला की स्कॅनर लागतो, आणि काही बिघाडांचं कुलूप कंपनीच्याच यंत्राने उघडतं. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. त्याचा उपयोग खरोखर व्हायचा तर बिघाडाची माहिती आणि आकृत्या मौद्यासारख्या ठिकाणच्या मिस्त्रीला, मराठीत, परवडेल अशा दरात मिळायला हव्यात. नाहीतर आजची गाडी दहा वर्षांनी कोण जिवंत ठेवणार?

हेड परत आलं. आता क्रम उलटा: मधले बोल्ट आधी, कडेचे नंतर, तीन टप्प्यांत. टायमिंगचा पट्टा चढवताना वरच्या-खालच्या पुलीच्या खुणा जुळवल्या आणि हाताने इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या. टॅपेट जुळवताना फिलर गेजचं पातं ओढलं की किंचित अडखळत निघालं पाहिजे. उस्तादांनी पोऱ्याला पातं ओढायला लावलं, मग स्वतः ओढलं, मग पुन्हा त्याला दिलं. बोटांना तो अडखळा कळेपर्यंत हे चाललं.

चावी फिरवली, गाडी सुरू झाली, पण मिसिंग होती. एकेक प्लगची वायर काढून आवाज ऐकला. दोन नंबरची काढल्यावर फरकच पडला नाही, म्हणजे तिथे करंट जात नव्हता. जुनी वायर बदलल्यावर तिन्ही सिलिंडर लागले. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, म्हणून कार्ब्युरेटरमधली जुनी रबरं आणि पेट्रोलचा पाइप यांवरही त्यांनी हात फिरवून पाहिला. पाइप फुगलेला होता, तोही बदलला.

मालकाचा हिशेब वेगळाच चालला होता. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. तिची फी 2022 मध्ये 600 वरून 5,000 झाली, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी 10,000. वर पर्यावरण कर. जुन्या, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात हा हेतू मला मान्य आहे. पण ज्याचं वर्षाचं उत्पन्न धानाच्या एका चुरणीवर ठरतं त्याला ती फी आणि नव्या गाडीचा हप्ता यांतून निवडायला सांगणं कठीण आहे. “पास झाली तं ठेवतो,” तो म्हणाला. “नाही झाली तं पाहू.”

पूल ओलांडून चक्कर मारून आल्यावर उस्तादांनी तापमानाचा काटा पाहिला, रेडिएटरवर हात ठेवला आणि कूलंटचा डबा मालकाच्या हाती दिला. “बोअरिंगचं पाणी आता एक थेंब नाही. कमी झालं तं हेच टाकायचं. आन् पाचशे किलोमीटर झाले का सकाळी थंडी गाडी घेऊन या, बोल्ट पुन्हा पाहून घेतो.”

“रोवणी चालू राहीन तेव्हा.”

“मंग सहा वाजता या. सातला सोडतो.”