दोन तोळे लोखंड

परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव आहे. रेणुकादेवीच्या दर्शनाला येणाऱ्यांना हे गाव चांगलं ठाऊक आहे. रब्बीच्या दिवसांत इथल्या शिवारातून चालत गेलं आणि नेमकी वीज गेलेली असली, की एखाद्या विहिरीवरून डिझेल इंजिनाचा ठोका कानावर येतो. रोज ऐकणाऱ्याला त्या ठोक्यातला फरक लगेच कळतो. एक दिवस आवाज बसका होतो, धुराड्यातून निळसर धूर निघू लागतो, आणि सकाळी हँडल मारून खांदे भरून आले तरी इंजिन चालू होत नाही. मग मिस्त्रीला बोलावणं जातं आणि ठरलेला प्रश्न निघतो.

“मिस्त्री, किती लागतेत?”

“मालक, आधी उघडू द्या. मापाबिगर आकडा सांगून काय उपयोग?”

जाणता मिस्त्री असंच उत्तर देतो, आणि ते शंभर टक्के विज्ञानाला धरून आहे. मुंबई-पुण्यात साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार जिवापाड जपणारा माणूसही हाच प्रश्न घेऊन गॅरेजात उभा असतो. दोघांच्या बिलातली शून्यं वेगळी असतात, पण खर्च ठरवणारं शास्त्र एकच असतं. दुरुस्तीच्या खर्चावरून जे गैरसमज होतात, ते बहुतेक या शास्त्राची ओळख नसल्यामुळे होतात, म्हणून ते समजून घेतलं पाहिजे.

झिजतं तरी किती?

विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं उदाहरण घेऊ. किर्लोस्करांचं ‘एव्ही १’ हे याच वर्गातलं प्रसिद्ध मॉडेल. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि आकारमान सुमारे ५५३ घन सेंटिमीटर आहे. ते मिनिटाला १,५०० फेरे घेतं.

आता एक हिशेब करू. या सिलिंडरची आतली भिंत पिस्टनच्या धावेइतक्या लांबीत सगळीकडून ०.१ मिलिमीटर झिजली असं समजा. म्हणजे व्यास ०.२ मिलिमीटरने वाढला. एवढ्या झिजेने इंजिन कामाला आलं असं कुठलाही मिस्त्री सांगेल. पण यात लोखंड किती गेलं? सुमारे पावणेतीन घन सेंटिमीटर, वजनाने २० ग्रॅम. सराफाच्या भाषेत दोन तोळे. चार माणसांनी मिळून उचलायचं धूड दोन तोळे लोखंड गेल्यामुळे आडवं पडतं. इंजिनाची किंमत लोखंडाच्या वजनात नसते, अचूक मापात असते, हे या हिशेबातून स्पष्ट होतं.

प्रत्यक्षात झीज सगळीकडे सारखी होतही नाही. पिस्टन वेगात असतो तेव्हा रिंग आणि भिंत यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर तयार होतो. रिंग त्या थरावर तरंगते आणि लोखंड लोखंडाला लागत नाही. पण वरच्या आणि खालच्या टोकाला दिशा बदलताना पिस्टन क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की थर विरतो आणि धातू धातूवर घासतो. वेग, ऑइलचा घट्टपणा आणि दाब यांवर घर्षण कसं अवलंबून असतं, हे जर्मन अभियंता रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये प्रयोगांनी मांडलं. आपल्या इंजिनात असे थांबे मिनिटाला ३,००० येतात. वरच्या थांब्याला त्यात ज्वलनाचा दाब आणि उष्णता यांची भर पडते, त्यामुळे सगळ्यांत जास्त झीज तिथेच होते.

हेड काढल्यावर ही झीज हाताला कळते. सिलिंडरच्या आत बोट घालून नख खालून वर ओढत आणलं, की तोंडाशी ते एका कडेला अडतं. त्या कडेच्या वर रिंग कधी पोचलीच नव्हती. म्हणजे कडेच्या वर कारखान्यातून आलेलं मूळ माप शिल्लक आहे आणि खाली आजवरच्या पाण्याच्या पाळ्यांचा हिशेब कोरलेला आहे. त्यात एअर क्लिनरकडे दुर्लक्ष झालं असेल, तर ही कडा आणखी ठळक लागते. धुळीतले वाळूचे कण ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात आणि ऑइलमध्ये मिसळले की पॉलिश पेपरसारखं काम करतात.

डिझेल इंजिनाला ही झीज लवकर जाणवते, कारण त्यात ठिणगी देणारा प्लग नसतो. हवा सुमारे १६ पट दाबली की ती ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेट घेतं. रिंगांच्या फटीतून हवा निसटली, की ना पुरता दाब मिळतो ना पुरेशी उष्णता. थंडीच्या सकाळी इंजिन रुसतं ते याच कारणाने. त्याच फटीतून ऑइल वर चढतं आणि जळतं, तोच निळा धूर.

आधीच राखून ठेवलेले जन्म

इंजिन झिजणार हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून ते दुरुस्तीची जागा रचनेतच ठेवतात. शेतीच्या डिझेल इंजिनांत सहसा सिलिंडरच्या जागी वेगळा लायनर, म्हणजे बदलता येणारी नळी, बसवलेला असतो. झिजला की लायनर, पिस्टन आणि रिंगांचं किट बदलायचं, ब्लॉक तसाच राहतो.

जिथे सिलिंडर थेट ब्लॉकमध्ये कोरलेला असतो तिथे ‘बोअर मारतात’, म्हणजे भोक थोडं मोठं करून त्यात मोठ्या साइझचा पिस्टन घालतात. या साइझा ठरलेल्या असतात: साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिलिमीटर. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचं उदाहरण बघा. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर व्यास, ७५ मिलिमीटर धाव, एकूण १,०८९ घन सेंटिमीटर. व्यास पूर्ण १ मिलिमीटरने वाढवला तर हेच इंजिन सुमारे १,१२२ घन सेंटिमीटरचं होतं. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत टिकली. त्या टिकण्यात या राखीव साइझांचा आणि त्या जाणणाऱ्या मिस्त्रींचा मोठा वाटा आहे.

बोअर मारल्यावर होनिंग करतात. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा पाडल्या जातात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर ऑइल टिकत नाही, या रेघांमध्ये ते धरून राहतं. पिस्टन आणि भिंत यांच्यात फटही मोजून ठेवावी लागते. ६८ मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर जवळपास ०.१६ मिलिमीटर फुगतो, तर तेवढंच तापलेलं ओतीव लोखंड ०.०७ मिलिमीटरच. फट कमी ठेवली तर पिस्टन जाम होतो, जास्त ठेवली तर तो खडखडतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. लेथवाल्याच्या बिलात आपण पैसे देतो ते या केसभर अंतराचे.

क्रँकशाफ्टचा हिशेब याच्या उलट चालतो. तिथे जर्नल, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, घासून बारीक करतात आणि तेवढ्या जाड बेरिंग घालतात. प्रत्येक ग्राइंडिंगबरोबर एक साइझ खर्ची पडते. त्यामुळे जुन्या इंजिनाचं उरलेलं आयुष्य विचारायचं, तर किती वर्षांचं झालं हे विचारू नये, किती साइझा शिल्लक आहेत हे विचारावं.

उघडण्याआधीची तपासणी

काही उत्तरं इंजिन न उघडताही मिळतात. पेट्रोल इंजिनात प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतात. एखाद्यात ते कमी भरलं, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर दोष रिंगांत किंवा भिंतीत आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा तिथेच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर. हेड काढून व्हॉल्व्ह लॅपिंग करणं, म्हणजे घासून नीट बसवणं, आणि पूर्ण इंजिन काम करणं यांच्या खर्चात मोठी तफावत असते, आणि ती चमचाभर ऑइलने कळू शकते. डिझेल इंजिनावर मात्र हा प्रयोग करू नये. तिथे दाबाने ऑइलच पेट घेण्याचा धोका असतो.

इंजिन उघडल्यावर तपासणीचा क्रम महत्त्वाचा. जे बदलता येत नाही किंवा सहजी मिळत नाही, ते आधी बघायचं. ब्लॉकला तडा आहे का, हेड वाकलंय का, क्रँकच्या कोपऱ्यात केसासारखी भेग आहे का. भेग डोळ्यांना दिसत नाही. क्रँकला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड सोडली, की पूड भेगेवर रेघ धरून जमते. ही तपासणी नव्या पिस्टनचे पैसे मोजण्याआधी व्हायला हवी, नंतर नव्हे.

स्पोर्ट्स कारचं इंजिन महाग का?

१९५५ मध्ये इंग्लंडमध्ये एमजीए ही देखणी दोन आसनी स्पोर्ट्स कार आली. तिचं इंजिन होतं १,४८९ घन सेंटिमीटरचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) ‘बी सिरीज’ कुळातलं. आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये १९५९ पासून याच कुळातलं, याच आकारमानाचं इंजिन बसू लागलं. सिलिंडरचा व्यास आणि धाव दोन्हींची एकच. स्पोर्ट्स कारला दोन कार्बोरेटर आणि जास्त ताकद होती, त्यामुळे एकीचा प्रत्येक पार्ट दुसरीला जसाच्या तसा बसेल असं नाही. पण हे कूळ हाताळलेले मिस्त्री आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला होते. जिथे असे हात आणि असे पार्ट मिळतात, तिथे क्लासिक गाडीचा खर्च आटोक्यात राहतो.

खरा खर्च वाढतो तो माप संपल्यावर. जॅग्वारचं १९४८ चं प्रसिद्ध एक्सके इंजिन ३,४४२ घन सेंटिमीटरचं होतं, व्यास ८३ आणि धाव १०६ मिलिमीटर. व्यास ८७ केला आणि ते ३,७८१ चं झालं. १९६१ च्या ई-टाइपमध्ये हेच मोठं इंजिन आलं. पण एवढं कोरल्यावर भिंती पातळ उरल्या, म्हणून कारखान्यालाच त्यात लायनर घालावे लागले. जुन्या ब्लॉकचा शेवटचा बोअर संपला की मिस्त्रीही हेच करतो, लायनर ठोकून मूळ माप परत आणतो. त्यापुढे पिस्टन बाजारात मिळेना तर मागणीनुसार घडवून घ्यावा लागतो. एका गाडीसाठी घडवलेल्या पिस्टनला हजारांच्या उत्पादनाचा भाव कसा मिळणार?

यात कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मधल्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी काढता येत नाही. इथे मूळपणालाच मोल असल्यामुळे दुसरं स्वस्त इंजिन बसवणं ही काटकसर ठरत नाही. मूळ ब्लॉक वाचवण्यावर केलेला खर्च गाडीची ओळख वाचवतो.

तराजूत काय टाकायचं?

शेतकऱ्याचं गणित वेगळं असतं. त्याच्यासाठी योग्य माप म्हणजे तासाचा खर्च. पार्ट, लेथचं काम, मजुरी आणि इंजिन बंद राहिलेल्या दिवसांचं नुकसान यांची बेरीज करायची आणि कामानंतर अपेक्षित असलेल्या तासांनी तिला भागायचं. नव्या इंजिनाचा आकडाही याच पद्धतीने काढायचा, मग दोन आकडे शेजारी ठेवायचे. तिसरा आकडा काहीही न करण्याचा. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण भाराला तासाला साधारण १.१ लिटर डिझेल घेतं. झिजेमुळे त्यात दहा टक्के वाढ झाली असं समजा, तर हजार तासांत ११० लिटर डिझेल धुराड्यातून गेलं, ऑइल वेगळंच. दुरुस्ती पुढे ढकलणंही फुकट नसतं.

ब्लॉक आणि क्रँक निर्दोष असतील, साइझ किंवा लायनर मिळत असेल आणि हातात मायक्रोमीटर धरणारा मिस्त्री जवळ असेल, तर जुन्या इंजिनाला दुसरा जन्म द्यावा. ब्लॉक फुटला असेल किंवा मापं संपून लायनरही मिळत नसेल, तर मोह आवरावा. भंगारवाला किलोवर भाव करतो. त्याच्या काट्यावर निर्दोष ब्लॉक आणि फुटका ब्लॉक सारखाच भरतो. त्या ब्लॉकमध्ये साचलेल्या अचूकपणाचं वजन तिथे होत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

म्हणून राणीसावरगावच्या विहिरीवर मिस्त्री हेड काढून सिलिंडरमध्ये बोट घालील, तेव्हा मालकाने शेजारी बसावं आणि आपलंही नख त्या कडेवरून फिरवून बघावं. बोअर गेजवरचा आकडा विचारून वहीत लिहून घ्यावा. खर्चाचा आकडा त्याच्या खालच्या ओळीत लिहावा.