पक्षाघात आणि त्याची सोंगे : मेंदूच्या प्रतिमांकनाचे स्थान

प्रस्तावना : हातपाय एकाएकी लुळे पडणे किंवा वाचा जाणे यास ग्रामीण भागात 'लकवा' ही एकच संज्ञा रूढ आहे. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या एका नावाखाली अनेक भिन्न विकार दडलेले असतात. पूर्व विदर्भातीलच गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांच्या अभ्यासात (२०१५) पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आढळले. एकूण मृत्यूंपैकी त्याचा वाटा १४.३ टक्के होता व त्यांतील बहुसंख्य मृत्यू घरीच झाले होते. भंडारा जिल्ह्यातील करडीसारख्या गावासही हा प्रश्न परका नाही.

विवेचन : पक्षाघातात मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते अथवा फुटते. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; रक्तस्रावात मात्र तेच औषध प्राणघातक ठरू शकते. बाह्य लक्षणांवरून हा भेद खात्रीने करता येत नाही. १९७१ साली लंडन येथे रुग्णावर प्रथम वापरल्या गेलेल्या सीटी स्कॅनने तो शक्य झाला. ताजा रक्तस्राव त्यात पांढरा दिसतो.

रक्तातील साखर घटणे, अपस्माराचा झटका, अर्धशिशी, मेंदूतील गाठ हे विकार पक्षाघाताचे हुबेहूब सोंग घेतात. गाठ बहुधा स्कॅनमध्ये दिसते, इतर दिसतीलच असे नाही. शिवाय गुठळीच्या पक्षाघातात पहिल्या काही तासांत सीटी पुष्कळदा निर्दोष असतो. 'स्कॅन नॉर्मल, म्हणजे लकवा नाही' हा निष्कर्ष म्हणूनच घातक होय. एमआरआयच्या डिफ्युजन पद्धतीत पाण्याच्या रेणूंची मंदावलेली हालचाल टिपली जाते व बाधित भाग लवकर उजळ दिसतो. तथापि मस्तिष्कस्तंभातील लहान आघात तिलाही हुलकावणी देतात. उलट साखर घटल्याने वा झटक्यानेही तसेच उजळ डाग उमटू शकतात. बोटाच्या थेंबभर रक्तावरील साखरतपासणी यंत्राआधी व्हावी, ती यासाठीच.

करडीहून भंडारा व तेथून सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूर गाठेपर्यंत मौल्यवान वेळ जातो. अशा वेळी रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला, ही नातेवाइकांनी सांगितलेली वेळ कोणत्याही प्रतिमेइतकीच मोलाची असते. झोपेतून उठताना लकवा लक्षात आल्यास ती वेळ सांगता येत नाही. तेव्हा एमआरआयच्या दोन प्रकारच्या प्रतिमांतील तफावतीवरून आघात ताजा आहे काय, याचा अंदाज बांधता येतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत अशा निवडक रुग्णांना गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा लाभ झाल्याचे दिसले.