बटणाची जागा कोण ठरवतं?

पडद्यावर साधं बटण आणायलाही एकेकाळी प्रोग्रामरला बरीच खटपट करावी लागे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९१ मध्ये ‘टीके’ हा बटणं-खिडक्या बनवण्याचा संच खुला केला आणि हे काम एक-दोन ओळींवर आलं.

त्यातली मला सर्वांत सुंदर वाटते ती ‘पॅक’ ही युक्ती. बटण डावीकडून किती बिंदूंवर हवं, हे सांगायचंच नाही. ‘वरच्या कडेला लाव’, ‘उजवीकडे लाव’ एवढं पुरे. ट्रंक भरताना आपण एक वस्तू कडेला सरकवतो आणि उरलेल्या जागेत पुढची बसवतो, अगदी तसंच. प्रत्येक घटकाला त्याच्या मजकुरापुरती जागा मिळते. म्हणून ‘सेव्ह’चं ‘जतन करा’ केलं तरी बटण आपोआप रुंदावतं. मोजमापं ठोकून बसवलेल्या खिडकीत मात्र आपल्या वेलांट्या आणि उकार छाटले जातात, आणि ते बघवत नाही.

जागा ठरली, आता बटण दाबल्यावर काय होतं ते पाहू. क्लिक झाली की ती घटना रांगेत लागते. एक चक्र रांगेतली एकेक घटना उचलून नेमून दिलेल्या फंक्शनकडे सोपवतं. त्या फंक्शनने दहा सेकंद घेतले, तर खिडकीही तेवढा वेळ थिजते. पायथॉन भाषेसोबत येणाऱ्या ‘टीकिंटर’च्या पोटात हेच टीके आहे.