झाकलेली बाटली आणि मांडलेलं ताट

लक्षात राहिलेली वाईन कोणती, असं विचारलं की लोक तिचं नाव सांगतात, किंमत सांगतात, कुठे प्यायलो आणि सोबत कोण होतं ते सांगतात. चवीचं वर्णन मात्र ‘फार छान होती’ एवढ्यावर आटपतं. यात कुणाचा दोष नाही. चव जिभेवर असते तितकीच ती आजूबाजूलाही असते. आवळा खाऊन पाणी प्यायलं की पाणी गोड लागतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पाणी तेच, फक्त त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं. आज तेवढंच सूत्र धरून बोलणार आहे.

हा ‘आजूबाजूचा’ भाग काढून टाकायचा म्हणून बाटल्या झाकून चव घेतात. अशा बैठकांमधली सगळ्यांत गाजलेली म्हणजे २४ मे १९७६ची, पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलातली. स्टीव्हन स्परियर हा इंग्रज पॅरिसमध्ये वाईनचं दुकान आणि वाईनचे वर्ग चालवायचा. (म्हणजे बाहेरच्या माणसानं कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा विकण्यातला प्रकार!) अमेरिकन क्रांतीला २०० वर्षं होत होती, त्या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या वाईन लोकांसमोर मांडाव्यात, असं त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर हिने ठरवलं. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच आणि सगळे जाणकार. पांढऱ्या दहा, लाल दहा. प्रत्येक गटात सहा कॅलिफोर्नियाच्या आणि चार फ्रान्सच्या. गुण वीसपैकी.

पत्रकार आला एकच, ‘टाइम’ मासिकाचा जॉर्ज टेबर. फ्रान्सच जिंकणार, मग त्यात बातमी कसली, असं बाकीच्यांना वाटलं असावं. टेबरच्या हातात कोणत्या क्रमाने कोणती वाईन येणार याची यादी होती, त्यामुळे त्याला गंमत कळत होती. एका परीक्षकाने घोट घेतला आणि चला, आता आलो फ्रान्सला परत, अशा अर्थाचं समाधान व्यक्त केलं. पेल्यात होती नापा खोऱ्यातली वाईन.

निकाल असा लागला: पांढऱ्यांत पहिली आली शातो मॉन्टेलेना १९७३, लालमध्ये स्टॅग्ज लीप १९७३. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या. ओडेट कान या बाईंनी तर आपले गुणपत्रक परत मागितले. एका दुपारीत नापाचं नाव जगभर झालं, त्या दोन वाईनच्या बाटल्या आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

आता इथे जरा थांबा, कारण ही गोष्ट सहसा इथेच संपवतात. लालमध्ये पहिल्या वाईनला मिळाले १२७.५ गुण आणि दुसऱ्या आलेल्या मूतों रॉथशिल्डला १२६. एकूण १८०पैकी दीड गुणाचा फरक. शिवाय पांढऱ्यांचा निकाल स्परियरने लालची फेरी सुरू होण्याआधीच वाचून दाखवला होता. म्हणजे बाटल्या झाकलेल्या, पण मनं उघडी; आता सावध राहायचं हे परीक्षकांना कळून चुकलेलं. पुढे २००६ मध्ये त्याच लाल वाईन पुन्हा चाखल्या, तेव्हा पहिली आली रिज माँटे बेलो १९७१, जी पॅरिसमध्ये पाचवी होती. तीस वर्षांत वाईनही बदलते, हे खरंच. तरीही ‘एक नंबर’ या शब्दाचं वजन किती धरायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका स्पर्धेत परीक्षकांना न सांगता तीच वाईन तीनदा दिली होती. आपल्याच आधीच्या निकालाशी जुळेल असा निकाल पुन्हा देणारे परीक्षक साधारण दहा टक्के निघाले. बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्या वाईनमध्ये वासरहित लाल रंग मिसळला, तर वाईनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लाल वाईनचे शब्द वापरून तिचं वर्णन केलं.

मग हे सगळं थोतांड का? मला तसं वाटत नाही. जीभ म्हणजे तराजू नव्हे, एवढंच यातून कळतं. आणि जेवणासोबत वाईन देणारा चांगला स्वयंपाकी नेमका याचाच फायदा घेतो.

लाल वाईनमध्ये टॅनिन असतं. कच्च्या केळ्यानं किंवा सुपारीनं तोंड ओढल्यासारखं होतं, तोच तुरटपणा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मटण किंवा चीज असेल तर तिथली प्रथिनं आणि चरबी मध्ये येते आणि तीच वाईन मऊ लागते. पण ताटात मिरचीचा झणका असेल तर उलट होतं. तुरटपणा आणि अल्कोहोल, दोन्ही आग वाढवतात. म्हणून महागडी, तुरट लाल वाईन आणि झणझणीत रस्सा ही जोडी म्हणजे दोघांवरही अन्याय. तिथे थोडा गोडवा राखलेली थंड पांढरी वाईन जास्त शोभते. आपल्या नाशिककडे होणारी शेनिन ब्लां बऱ्याचदा अशी असते. चिंच-कोकमाच्या आमटीपुढे कमी आंबट वाईन सपक लागते, हा पुन्हा आवळ्याचाच न्याय. पुरणपोळीपुढे तर कोरडी वाईन नुसती आंबट लागेल. गोडाशेजारची वाईन त्या गोडापेक्षाही गोड हवी.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: माशासोबत लाल वाईन नको, हे शास्त्र की शिष्टाचार? बराच काळ लोक शिष्टाचारच समजत होते. जपानी संशोधकांनी २००९ साली शिंपल्यातल्या स्कॅलॉपसोबत कितीतरी वाईन चाखून पाहिल्या. त्यात दिसलं ते असं, की वाईनमध्ये लोह जास्त असेल तर तोंडात माशाचा उग्र वास मागे राहतो. लाल वाईनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त सापडतं, पण प्रत्येक बाटलीत नाही. तेव्हा तळलेल्या बोंबलासोबत लाल वाईन घ्यायचीच असेल तर आधी एक घोट, एक घास असं करून बघा. वास उठला तर पेला बाजूला ठेवा आणि बोंबील संपवा.