एक गाणं, चार नावं

आपल्या शाळेत बँड म्हटलं की परेड ग्राउंडच डोळ्यांसमोर येतं. बिगुल, साइड ड्रम, ड्रम मेजरची काठी आणि मागोमाग चालणारी तुकडी. मी चार वर्षं याच बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो आहे. या लेखात मात्र एका निराळ्या बँडची ओळख करून द्यायची आहे. त्याला ना गणवेश होता ना ड्रम मेजर, तरी तो एकतीस वर्षं एकत्र चालला. त्याचं नाव आर.ई.एम. माझ्या मते त्याच्या यशाचं कारण गाण्यांइतकंच त्या चौघांनी आपापसांत पाळलेल्या नियमांत आहे.

हा बँड अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या विद्यापीठाच्या गावी जन्मला. ड्रमवादक बिल बेरी आणि बेस गिटार वाजवणारा माइक मिल्स हे शाळेपासूनचे दोस्त. गिटारवादक पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता आणि तिथेच त्याची ओळख मायकेल स्टाइप या गिऱ्हाइकाशी झाली. स्टाइप पुढे बँडचा गायक झाला. ५ एप्रिल १९८० रोजी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला, वापरात नसलेल्या एका जुन्या चर्चमध्ये हे चौघे पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. नाव त्यांनी शब्दकोशातून उचललं. झोपेत स्वप्नं पडताना बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, त्या अवस्थेला आर.ई.एम. म्हणतात.

स्टाइपबद्दलची एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना जवळची वाटेल. तो फौजीचा मुलगा. वडील अमेरिकन लष्करात हेलिकॉप्टर उडवत. त्यांच्या बदल्यांमुळे त्याचं लहानपण जर्मनी, टेक्सास, इलिनॉय असं फिरत गेलं. या शाळेत येण्याआधी बाबांच्या पोस्टिंगमुळे मीही पाच शाळा पाहिल्या आहेत. दर दोन वर्षांनी नव्या वर्गात मागच्या बाकावर बसून, कोण कोणाचा मित्र आहे ते गुपचूप पाहत राहणं काय असतं, ते मला ठाऊक आहे. स्टाइपच्या सुरुवातीच्या गाण्यांतले शब्द पुटपुटल्यासारखे, अर्धवट ऐकू येणारे आहेत. समीक्षक त्याची वेगळी कारणं देतील, पण मला त्यात तो नव्या वर्गातला मुलगाच ऐकू येतो.

आता ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण पालकांना हा शब्द नवा असेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेतली मोठी रेडिओ केंद्रं ठरावीक मोठ्या कंपन्यांचीच गाणी वाजवत. विद्यापीठांत मात्र विद्यार्थ्यांनी चालवलेली छोटी केंद्रं होती. तिथे मुलं स्वतःच्या आवडीची, कुणी न ऐकलेली गाणी लावत. बाजाराच्या मुख्य रस्त्याला पर्याय म्हणून जे संगीत या आडवाटेने पसरलं, त्याला पुढे ऑल्टरनेटिव्ह, म्हणजे पर्यायी, हे नाव पडलं. आर.ई.एम. या वाटेवरचे पहिल्या फळीतले. त्यांची पहिली रेकॉर्ड १९८१ मध्ये एका छोट्या कंपनीने काढली, तीही सुरुवातीला फक्त हजार प्रती. मग जुन्या व्हॅनमधून गावोगाव फिरून छोट्या क्लबांत वाजवणं सुरू झालं. १९८३ मध्ये ‘मर्मर’ हा पहिला पूर्ण अल्बम आला. त्या वर्षी मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ जगभर गाजत होता, तरी ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ‘मर्मर’ निवडला. खप मात्र साधारण दोन लाखांचाच होता. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तसं पुढे जवळजवळ दरवर्षी एक अल्बम येत गेला आणि ऐकणारे वाढत गेले.

आता त्या नियमांकडे येतो. पहिला नियम म्हणजे, सूर कुणालाही सुचो, शब्द कुणीही लिहो, गाण्याखाली नावं चौघांचीच. बेरी, बक, मिल्स, स्टाइप, अशी इंग्रजी अक्षरक्रमाने, आपल्या नॉमिनल रोलसारखी. गाण्याच्या कमाईचे वाटेही समान. दुसरा नियम म्हणजे नकाराधिकार. एखादी गोष्ट चौघांपैकी एकालाही पटली नाही, तर ती करायची नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण विचार करून पाहा. बहुतेक बँडमध्ये लोकांना गायकच माहीत असतो आणि पैशाचा मोठा वाटा गाणं लिहिणाऱ्याला जातो. मग माझं गाणं घ्या, त्याचं नको, अशी ओढाताण सुरू होते. इथे तो प्रश्नच उरला नाही. कुणाचंही गाणं चांगलं झालं तरी फायदा चौघांचा, म्हणून जे चांगलं तेच पुढे जाई. याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे १९९२ च्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ या अल्बममधलं ‘एव्हरीबडी हर्ट्स’. हे गाणं मुख्यतः ड्रमवादक बेरीला सुचलेलं, पण त्यात बेरीने ड्रम वाजवलेले नाहीत. तालाला एक साधं यंत्र आहे. गाण्याला तेच शोभत होतं, म्हणून ज्याचं गाणं त्यानेच आपलं वाद्य बाजूला ठेवलं. ड्रमवादक म्हणून सांगतो, हे सोपं नाही. खचलेल्या तरुण मुलांना धीर देण्यासाठी या गाण्याचे शब्द मुद्दाम साधे ठेवले होते. १९९५ मध्ये ब्रिटनमधल्या समॅरिटन्स या मदतवाहिनीने आपल्या जाहिरातीत फक्त या गाण्याचे शब्द आणि आपला फोन नंबर छापला होता.

त्याआधी १९९१ मध्ये ‘लूझिंग माय रिलिजन’ने त्यांना जगभर पोचवलं. बक नुकताच मँडोलिन शिकत होता. टीव्ही पाहता पाहता सराव करत असताना त्याला या गाण्याची धून सापडली. नाव ऐकून अनेकांना हे धर्माबद्दलचं गाणं वाटतं. तसं नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात संयम सुटणं, अगदी टेकीला येणं, याला असं म्हणतात. या गाण्याचा भारताशीही संबंध आहे. त्याचा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या आणि शिमल्यात शिकलेल्या तरसेम सिंग यांनी दिग्दर्शित केला. स्टाइपला साधा, गाताना दिसणारा व्हिडिओ हवा होता, तर तरसेम यांना आपल्याकडच्या सिनेमासारखा भावनांनी भरलेला, स्वप्नासारखा. शेवटी दोन्हींचा मेळ घातला. त्या वर्षी एमटीव्हीचे सहा पुरस्कार या व्हिडिओला मिळाले.

१ मार्च १९९५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात कार्यक्रम चालू असतानाच बेरी कोसळला. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. शस्त्रक्रिया झाली, तो बरा झाला आणि मे महिन्यात दौरा पुन्हा सुरूही झाला. पण १९९७ मध्ये त्याने बँड सोडायचं ठरवलं. त्याची अट एकच होती. आपल्यामुळे बँड मोडणार असेल तर आपण जाणार नाही. बाकीच्यांनी त्याला अडवलं नाही आणि चौथी जागा अधिकृतपणे कधी भरलीही नाही. ड्रमसाठी वेगवेगळे वादक येत राहिले, पण सभासद तिघेच राहिले. बेरी जॉर्जियात शेतीवर राहायला गेला. तिघांनी पुढे आणखी पाच अल्बम केले आणि २१ सप्टेंबर २०११ रोजी, कुठलंही भांडण नसताना, आता पुरे म्हणून थांबले. निरोपाचा दौरासुद्धा काढला नाही. २०२४ मध्ये गीतकारांच्या सन्मानसोहळ्यात चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले आणि ‘लूझिंग माय रिलिजन’ वाजवलं.

त्यांचा प्रभाव कुठवर गेला? निर्वाणाचा कर्ट कोबेन त्यांना फार मानायचा. १९९४ मध्ये त्याने आयुष्य संपवलं, तेव्हा स्टाइपने त्याच्यासाठी ‘लेट मी इन’ हे गाणं लिहिलं. १९९५ च्या दौऱ्यात रेडिओहेड हा तरुण बँड त्यांच्याआधी वाजवायचा. प्रसिद्धीच्या दडपणाखाली कसं टिकायचं, हे त्यांचा गायक टॉम यॉर्क स्टाइपकडून शिकला. २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं स्वागत करणारं भाषण पर्ल जॅमच्या एडी व्हेडरने केलं.

आमची बारावीची बॅच आता शाळा सोडेल. सगळेच एनडीएला जाणार नाहीत. कुणाला चष्मा आडवा येईल, कुणी एसएसबीहून परत येईल, कुणी स्वतःच दुसरी वाट धरेल. फौजी शाळेत अशा मुलाकडे गाडी चुकलेल्या प्रवाशासारखं पाहिलं जातं, आणि पालकांच्या चेहऱ्यावरही ते दिसतं. मला वाटतं, बेरीकडे आणि त्याहून जास्त त्याच्या तीन मित्रांकडे पाहावं. गेलेल्याचं नाव त्यांनी जुन्या गाण्यांवरून पुसलं नाही आणि त्याच्या वाट्यालाही हात लावला नाही. सहा वर्षं एका हाउसमध्ये मिळून मिळवलेल्या ट्रॉफीवरही सगळ्यांचा तसाच समान हक्क आहे, मग पुढे खांद्यावर फीत येवो न येवो.

या सुट्टीत ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ जरूर ऐका. आणि ऐकताना, कुठला भाग कुणाचा, हे ओळखून पाहा. बहुतेक वेळा ओळखता येणार नाही.