फिक्स संपायच्या आधी

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. स्लाउ, इंग्लंड

६.५० चहाला उकळी यायच्या आत फोन उजळला. दिवाळीच्या कार्यक्रमात ओळख झालेला स्विंडनचा मुलगा. "ताई, माझं फिक्स संपतंय. ब्रोकर धरू की सरळ बँकेतच करून टाकू?"

मी मॉर्गेज, म्हणजे गृहकर्जाची, ब्रोकर. हा प्रश्न मला विचारणं म्हणजे मिठाईवाल्याला 'गोड खाऊ का' विचारण्यासारखं. तरी लोक विचारतात, आणि मला ते आवडतं. तीन प्रश्न उलट पाठवले: कर्ज किती उरलंय, फिक्स नेमकं कोणत्या तारखेला संपतंय, वर आणखी पैसे हवेत का. उत्तर आलं नाही. स्टेशनकडे धावत असेल.

९.१५ हाउन्स्लोचं जोडपं समोर. दोघंही पगारदार, हप्ता कधी चुकलेला नाही, कर्ज २ लाख १० हजार पौंड. इथे व्याजदर बहुतेक जण दोन किंवा पाच वर्षांपुरता बांधून घेतात, त्यालाच फिक्स म्हणतात. मुदत संपली की बँक तुम्हाला एसव्हीआर नावाच्या चढ्या दरावर नेऊन टाकते. म्हणून दर काही वर्षांनी घराघरांत ही धावपळ. यांनी करोनाच्या काळात पाच वर्षांचा दर घेतला होता, दीड टक्क्याच्या आसपास. तेव्हा बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर होता ०.१ टक्का. तो आकडा आता आजीच्या काळातल्या सोन्याच्या भावासारखा वाटतो.

त्यांची बँक दोन वर्षांसाठी ४.१९ टक्के देतेय, फी शून्य. मी बाजारात शोधलेला चांगला दर ३.९४, पण ९९९ पौंड फी. वहिनींनी फोनवरच हिशोब मांडला. पाव टक्का म्हणजे वर्षाला सव्वापाचशे, दोन वर्षांचे साधारण हजार पन्नास. त्यातून फी वजा. उरले पन्नास पौंड.

त्या पन्नासासाठी नवी बँक, पगाराच्या स्लिपा, घराचं मूल्यांकन, वकील. आपल्याच बँकेत नवा दर घेतला, ज्याला प्रॉडक्ट ट्रान्स्फर म्हणतात, तर यातलं सहसा काहीच लागत नाही. अॅपवर दहा मिनिटांचं काम.

"मग तुमचं काय?" दादांनी विचारलं. खरं ते सांगितलं. कर्ज नव्या बँकेत नेलं असतं तर त्या बँकेने मला कर्जाच्या ०.४ टक्क्याच्या आसपास, म्हणजे आठशे-साडेआठशे पौंड दिले असते. आहे त्याच बँकेत ठेवलं आणि माझ्यामार्फत केलं तर सहसा त्याहून कमी. स्वतः अॅपवर केलं तर काहीच नाही. ब्रोकरकडे जाणाऱ्याने हे गणित पहिल्या पाच मिनिटांत विचारावं. फी आमच्याकडून घेणार की फक्त बँकेकडून? सगळा बाजार बघता की मोजक्याच बँका? आणि एफसीएच्या, म्हणजे वित्तीय नियामकाच्या, रजिस्टरवर नाव आहे का, ते स्वतः तपासावं.

दोघं अॅपवर करतो म्हणाले. फक्त एक सांगून ठेवलं. सल्ला न घेता स्वतः निवडलेला दर पुढे चुकीचा ठरला तर ती निवड तुमची. मी सल्ला दिला आणि तो तुमच्या परिस्थितीशी न जुळणारा निघाला, तर माझ्याविरुद्ध ऑम्बुड्समनकडे तक्रार घेऊन जाता येतं.

१०.४० हे मात्र माझंच गिऱ्हाईक. मूळचा चिंचवडचा, आयटीत कॉन्ट्रॅक्टर, स्वतःची लिमिटेड कंपनी. पगार घेतो वर्षाला १२,५७० पौंड, कारण करमुक्त मर्यादा तेवढीच. थोडा डिव्हिडंड, बाकी नफा कंपनीतच. माळ्यावर खोली काढायला ६० हजार जास्त हवेत. स्वतःच एका मोठ्या बँकेत अर्ज करून बसला. त्यांनी पगार आणि डिव्हिडंड बघितला, नाही म्हटलं, आणि क्रेडिट फाइलवर अर्जाची नोंद राहिली ती राहिलीच.

काही बँका अशा माणसाचा रोजचा दर धरतात. दिवसाला ४५० पौंड, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ४६ आठवडे: १,०३,५००. माणूस तोच, काम तेच. कोणती बँक कोणत्या चष्म्यातून बघते एवढंच माहीत असावं लागतं. माझ्या धंद्यात विकण्यासारखं काही असेल तर ते हे. स्वस्त दर शोधून देणं आता संगणकही करतो.

१२.०० बँक ऑफ इंग्लंडचा निर्णय. चार टक्के, जैसे थे. मतं पाच विरुद्ध चार. पाठोपाठ फोन: "आता थांबायचं का?" प्रत्येकाला तेच सांगते. फिक्सचा दर या आकड्याला दोरीने बांधलेला नसतो. पुढे दर कुठे जाणार याचा बाजाराचा अंदाज त्यात आधीच धरलेला असतो. आजचा दर राखून ठेवा. सुरू व्हायच्या आत स्वस्त झाला तर बहुतेकदा बदलून घेता येतो. २०२३ च्या मॉर्गेज चार्टरमध्ये सामील बँका सहा महिने आधी दर राखू देतात.

थांबणाऱ्यांची मला भीती वाटते ती २०२२ पासून. २३ सप्टेंबरला सरकारने मांडलेल्या मिनी बजेटनंतर दर उसळले आणि बँका तासातासाला योजना मागे घेत होत्या. त्या आठवड्यात मी जेवले कधी ते आठवत नाही.

१.२० पोळी, मेथी. गार.

२.०० एका बँकेच्या हेल्पलाइनवर ४० मिनिटं संगीत. ही वाट गिऱ्हाइकाच्या वतीने बघायची, यालाही ब्रोकरी म्हणतात.

३.३० जुनी फाइल शोधताना माझी जुनी चूक हाताला लागली. सुरुवातीची वर्षं. जराशा कमी दरासाठी एका बाईंना नव्या बँकेत नेलं. नव्या बँकेने फुकट दिलेला वकील कासवाच्या गतीचा. फिक्स संपलं, काम अडलेलं, एक महिना एसव्हीआर. वर्षभराची बचत त्या एका हप्त्यात गेली. बाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा आल्याही नाहीत.

५.४५ हॅरोचे काका. कर्ज ३८ हजार, सहा वर्षं राहिलेली. कुणीतरी ९९९ फीचा 'सर्वांत स्वस्त' दर गळ्यात घालू पाहतंय. ०.३ टक्के कमी म्हणजे वर्षाला ११४ पौंड. "काका, बँकेच्या अॅपमध्ये फी नसलेला दर घ्या. मुलीला शेजारी बसवा."

"तू फुकट सांगतेस," काका म्हणाले, "म्हणजे यात काहीतरी असणार."

९.४० स्विंडनहून उत्तर. कर्ज १ लाख ७४ हजार. जास्तीचे पैसे नकोत. फिक्स संपतंय ३० नोव्हेंबरला.

चोवीस दिवस! "बँकेने पत्रं पाठवली असतील की." "हो ताई, ड्रॉवरमध्ये आहेत."

नव्या बँकेचं काम चार ते आठ आठवड्यांचं. एसव्हीआर सातच्या वर, म्हणजे एका महिन्याला चारशेहून जास्त पौंड फुकट. लिहिलं: "नवी बँक आता या मुदतीत बसणार नाही. तुझ्याच बँकेचं अॅप उघड, काय दर देतायत बघ."

दोन मिनिटांनी स्क्रीनशॉट. खाली प्रश्न: "दोन वर्षांचं घेऊ की पाच?"

"नोकरी पक्की आहे का, घर बदलणार आहेस का, मूलबाळ, हे विचारल्याशिवाय मला सांगता येणार नाही. उद्या बोलू."

टाइप करून फोन उलटा ठेवला. तो लगेच वाजला.