स्वरलिपीची खुली भांडारे

रचनेचे स्वर आणि लय कागदावर चिन्हांनी नोंदवण्याच्या पद्धतीला स्वरलिपी म्हणतात, आणि अशा नोंदी इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून देण्याच्या प्रयत्नांत सर्वांत मोठा ठरला तो एडवर्ड ग्वो या संगीताच्या विद्यार्थ्याने १६ फेब्रुवारी २००६ रोजी सुरू केलेला ‘इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट’. कॅनडात तेव्हा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांनी, तर युरोपात ७० वर्षांनी स्वामित्वहक्क संपत असे. या तफावतीवरून व्हिएन्नाच्या ‘युनिव्हर्सल एडिशन’ या प्रकाशनसंस्थेने कायदेशीर नोटीस पाठवल्याने ऑक्टोबर २००७ मध्ये हे भांडार बंद पडले आणि ३० जून २००८ रोजी पुन्हा उघडले.

मात्र हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत अशा खुलेपणाची सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधी, मुंबईतच झाली होती. वाळकेश्वरी १८६० साली जन्मलेले आणि वकिली शिकलेले पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी, चिजा, म्हणजे गायनाच्या बंदिशी, घराण्याची खाजगी ठेव मानल्या जाण्याच्या काळात, रामपूर-जयपूरसारख्या ठिकाणच्या उस्तादांकडून त्या मिळवल्या, लिहून घेतल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती : क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत मराठी वाचकांपुढे ठेवल्या. त्यांची लिपी थोडक्या खुणांवर उभी आहे : स्वराखालचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि वरचे तार, खालची आडवी रेघ कोमल स्वर, तर मध्यमावरची उभी रेघ तीव्र मध्यम, एका मात्रेत बसणारे स्वर खालच्या कमानीने जोडले जातात आणि समेला फुली, खालीला शून्य लिहितात. या साधेपणामुळेच अनेक पिढ्यांनी ही पुस्तके गुरूच्या तालमीसोबत हाताशी ठेवली.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी (१९९२च्या दुरुस्तीपूर्वी ५०) ग्रंथ सार्वजनिक मालकीचा होतो, आणि भातखंडे १९३६ साली निवर्तल्यामुळे त्यांच्या हयातीत निघालेले भाग केव्हाच मुक्त झाले. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी योजनेत स्कॅन झालेले लक्षावधी भारतीय ग्रंथ खुल्या माहितीचे पुरस्कर्ते कार्ल मॅलमूड यांच्या पुढाकाराने ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर गेले आणि तेथे क्रमिक मालिकाही वाचता येते. तरीही पानाचे छायाचित्र म्हणजे शोधता येणारी स्वरलिपी नव्हे, कारण त्यात अमुक स्वरसंगती कोणत्या चिजांत येते हे यंत्राला विचारता येत नाही. ती सोय व्हावी म्हणून संगीत-संशोधक पराग चोरडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भातखंड्यांच्या बंदिशी ‘हमड्रम’ या संगणकीय मांडणीत उतरवल्या, ही या साऱ्या इतिहासातील फारशी कोणी न सांगितलेली पण मोलाची पायरी होय.

त्याहून वेगळी वाट नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने, म्हणजे ‘एनसीपीए’ने, अॅमस्टरडॅम विद्यापीठाबरोबर घेतली. सुवर्णलता राव आणि विम व्हॅन देर मीर यांच्या ‘ऑट्रिम’ प्रकल्पात संगणक मुद्रित गायनातील स्वराची उंची क्षणोक्षणी मोजतो आणि पडद्यावर, सप्तकातील स्वरांच्या आडव्या रेषांवरून, ती वळणदार रेघेने काढून दाखवतो. दरबारी रागातील गंधाराचे आंदोलन, जे भातखंड्यांच्या आडव्या रेघेत मावत नाही, ते येथे डोळ्यांना दिसते. हे आलेख ‘म्युझिक इन मोशन’ या नावाने सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवलेले आहेत.

मुंबईतल्याच लोअर परळ ते लालबाग या गिरणगावाचे, म्हणजे गिरणी कामगारांच्या वस्तीचे, संगीत मात्र या दोन्ही वाटांच्या कडेलाच राहिले आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या १९४४च्या लाल बावटा कलापथकाची पदे ग्रंथांत छापली गेली, पण त्यांच्या चाली मुख्यतः कानोकानीच पुढच्या शाहिरांकडे आल्या. भातखंड्यांची लिपी जाणणारा लेखनिक येथे प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. ऑट्रिमच्या पद्धतीला तो लागतही नाही, तिला फक्त शाहिराचा आवाज ढोलकी-डफ आणि कोरसपासून वेगळा मुद्रित केलेला हवा असतो.